उशिरा येणाऱ्यानेच जास्त का मोजायचे?

सप्टेंबर २००३ मध्ये मेक्सिकोतल्या कानकूनला जागतिक व्यापार संघटनेची मंत्रिपरिषद झाली. आपल्याला ती आठवते दोन कारणांनी. पहिल्याच दिवशी, १० सप्टेंबरला, ली क्युंग-हे या दक्षिण कोरियन शेतकऱ्याने परिषदेबाहेरच्या कुंपणावर चढून स्वतःच्या छातीत सुरा खुपसून घेतला. आणि चार दिवसांनी शेती अनुदाने व गुंतवणुकीसारखे नवे विषय यांवरून परिषद फिसकटली. भारत, ब्राझील आणि त्यांच्या सोबतीला उभे राहिलेले विकसनशील देश मागे हटले नव्हते. अरुण जेटली तेव्हा आपले वाणिज्यमंत्री होते.

या दोन घटनांच्या मध्ये, ११ सप्टेंबरला, आणखी एक गोष्ट घडली. नेपाळ आणि कंबोडिया या दोन देशांच्या सदस्यत्वाला परिषदेने मंजुरी दिली. संघटना स्थापन झाल्यानंतर रीतसर वाटाघाटी करून आत आलेले हे पहिले अल्पविकसित देश, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या यादीतल्या सर्वांत गरीब देशांपैकी. कंबोडियाचे वाणिज्यमंत्री चाम प्रसिध यांनी तिथेच स्पष्ट सांगितले की, ज्या सवलती आणि बांधिलक्या आम्हाला मान्य कराव्या लागत आहेत त्या आमच्यासारख्या देशाच्या विकासाच्या पातळीला झेपणाऱ्या नाहीत. तरीही आम्ही त्या स्वीकारतो, कारण सदस्य होणे आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचे आहे.

युद्ध, वंशसंहार आणि परकीय सैन्याचा ताबा यांतून नुकत्या सावरलेल्या देशाचा मंत्री प्रवेशाच्या दिवशीच असे बोलतो, तेव्हा त्या अटी कोणी आणि कशाच्या आधारावर ठरवल्या हे विचारायलाच हवे. विकसनशील देशांनी जागतिक व्यापाराच्या व्यवस्थेत यावे की नाही, यावर आपल्याकडे तीस वर्षे वाद झाला. माझ्या मते त्यांनी यावे. पण आत येण्याची किंमत ज्या रीतीने ठरते ती अन्यायाची आहे, आणि तिच्याबद्दल भारताने आजवर घेतलेली भूमिका पुरेशी नाही.

ही किंमत ठरते कशी? १५ एप्रिल १९९४ ला माराकेशला झालेल्या करारावर ही संघटना उभी आहे. त्याच्या बाराव्या कलमानुसार नवा देश ‘त्याच्या आणि संघटनेच्या दरम्यान ठरतील त्या अटींवर’ सदस्य होऊ शकतो. अटी कोणत्या, किती, कुठपर्यंत, याबद्दल कलम मूक आहे. अर्ज आला की कार्यगट नेमला जातो आणि त्यात कोणताही सदस्य देश बसू शकतो. अर्जदाराने आपल्या व्यापार धोरणाचे सविस्तर टिपण द्यायचे, मग प्रश्नांच्या फैरी सुरू होतात: तुमचे सीमाशुल्क कसे मोजता, सरकारी मालकीच्या कंपन्या किती, औषधांच्या पेटंटचा कायदा कुठे आहे, पशुखाद्याच्या तपासणीचे नियम कोणते. उत्तरांवर पुन्हा प्रश्न. त्याला समांतर, ज्या ज्या सदस्याला काही हवे आहे तो अर्जदाराला एकेकटे गाठून बोलणी करतो. कोणी शुल्क कमी करून घेतो, कोणी बँका आणि दूरसंचार खुले करून घेतो. एकाला दिलेली सवलत मग सगळ्यांना लागू होते. शेवटी निर्णय सहमतीने, म्हणजे नाराज देशाला गप्प बसूनही दार अडवून धरता येते. इराणने १९९६ मध्ये केलेला अर्ज अमेरिकेच्या विरोधामुळे नुसता विचारात घ्यायलाच मे २००५ उजाडला.

या बोलण्यांत अर्जदाराला मागता काहीच येत नाही. इतर वाटाघाटींत तू हे दे, मी ते देतो असे चालते. इथे मागणारे अनेक आणि देणारा एकटा. तुमच्या कापसाचे अनुदान कमी करा, असे पॅसिफिकमधला चिमुकला टोंगा अमेरिकेला म्हणू शकत नाही.

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांत राहणाऱ्यांना याचे एक उलट उदाहरण माहीत आहे. फ्लॅट विकत घेऊन नवा सभासद येतो, तेव्हा जुने सभासद त्याच्याकडून हवे तेवढे हस्तांतरण शुल्क उकळू पाहतात. गरज त्याची असते, म्हणून तो देतोही. सरकारने म्हणूनच त्याला मर्यादा घातली; मोठ्या शहरांतसुद्धा २५ हजार रुपयांच्या वर ते घेता येत नाही. दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला आतल्यांच्या मर्जीवर सोडायचे नाही, एवढे शहाणपण आपल्या सहकार कायद्यात आहे. जगाच्या व्यापाराचे नियम लिहिणाऱ्या संघटनेच्या करारात ते नाही.

पूर्वी परिस्थिती अशी नव्हती. या संघटनेच्या आधी जागतिक व्यापाराचे नियम गॅट नावाच्या करारात होते. १९४८ मध्ये अमलात आलेल्या या कराराचे मूळ सदस्य २३ होते, आणि त्यात भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश, सिलोन हे नुकते स्वतंत्र झालेले देश होते. भारताने जिनिव्हात काही शुल्कसवलती दिल्या हे खरे. पण परकीय चलनाच्या टंचाईचे कारण देऊन आयातीवर संख्यात्मक निर्बंध ठेवायची मुभा त्याच कराराच्या अठराव्या कलमाने आपल्याला दिली, आणि आपण ती पाच दशके वापरली. अमेरिकेने तक्रार केली, १९९९ मध्ये निकाल आपल्याविरुद्ध गेला, तेव्हा कुठे १ एप्रिल २००१ ला शेवटच्या ७१५ वस्तूंवरचे निर्बंध उठले. घर सावरायला आपल्याला पन्नास वर्षे मिळाली. ती मिळाली म्हणून आपले औषध उद्योग, पोलाद, यंत्रे उभी राहिली की त्यामुळेच आपण मागे पडलो, हा वाद करता येईल. पण तो निर्णय आपला होता.

साम्राज्यांतून बाहेर पडणाऱ्या इतर देशांसाठी गॅटमध्ये आणखी सोपा दरवाजा होता. सव्विसाव्या कलमाखाली, पूर्वीच्या सत्ताधारी देशाने शिफारस केली की नवस्वतंत्र देश जवळजवळ वाटाघाटींशिवाय सदस्य होई. आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधले साठाहून अधिक देश या दाराने आत आले. पण हे दार फक्त माजी वसाहतींसाठी होते. नेपाळ कधीच कोणाची वसाहत नव्हता. भूतान, अफगाणिस्तान, इथिओपिया यांनाही शिफारस करायला कोणी माजी मालक नव्हता. इथिओपियाने २००३ मध्ये अर्ज केला आणि त्याच्या वाटाघाटी वीस वर्षांहून जास्त चालल्या. अफगाणिस्तानला बारा वर्षे लागली. भूतानने १९९९ मध्ये अर्ज केला आणि काही वर्षांनी स्वतःच हात आखडता घेतला. आपले स्वातंत्र्य टिकवून ठेवलेल्या देशांना रांगेत सर्वांत मागे उभे राहावे लागले, हे मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत टोचणारे वास्तव वाटते.

आणि तारखेचा फरक किती महाग पडतो, हे पॅसिफिकमध्ये दिसते. सॉलोमन बेटे डिसेंबर १९९४ च्या शेवटच्या आठवड्यात, गॅटचे जुने दार बंद व्हायच्या काही दिवस आधी, आत शिरली. त्यांच्या शुल्कांची सरासरी कमाल मर्यादा, म्हणजे ज्याच्या वर शुल्क नेणार नाही असे वचन दिले तो आकडा, ८० टक्क्यांच्या आसपास आहे. शेजारच्या वानुआटूने अवघ्या काही महिन्यांनी, जुलै १९९५ मध्ये, नव्या संघटनेकडे अर्ज केला. २००१ मध्ये कागद तयार झाले, तेव्हा समोर आलेल्या अटी पाहून वानुआटूने स्वतःच प्रक्रिया थांबवली. ते सदस्य झाले २४ ऑगस्ट २०१२ ला. टोंगा २००७ मध्ये आत आला. सुमारे एक लाख वस्तीच्या या राज्याने आपले एकूण एक शुल्क १५ किंवा २० टक्क्यांच्या वर न नेण्याचे वचन दिले. ज्या अमेरिकेच्या शुल्कतक्त्यात तंबाखूवर कोट्याबाहेर ३५० टक्के शुल्क आहे, ती अमेरिका या टोंगाच्या कार्यगटात प्रश्न विचारायला बसलेली होती.

आपल्या उपखंडातही हेच आहे. शेतमालावरच्या शुल्काची सरासरी कमाल मर्यादा बांगलादेशची १९० टक्क्यांच्या आसपास, भारताची ११३ टक्क्यांच्या आसपास, नेपाळची ४२ टक्के. नेपाळ बांगलादेशाहून श्रीमंत आहे का? नाही. तो नऊ वर्षे उशिरा आला, एवढेच. अफगाणिस्तानची तर शेती आणि उद्योग मिळून सगळ्या वस्तूंची सरासरी मर्यादा १३.५ टक्के आहे. वर्षानुवर्षे युद्धात होरपळणाऱ्या देशाने भारताहून कितीतरी कमी संरक्षण मान्य करायचे, याचे समर्थन कोणत्या अर्थशास्त्रात बसते?

प्रत्यक्ष शुल्क आणि कमाल मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे सांगायला हवे. मर्यादा १०० टक्के असली तरी देश दहाच टक्के शुल्क घेऊ शकतो, आणि बहुतेक गरीब देश तसेच करतात. म्हणून काही अर्थतज्ज्ञ म्हणतात की कमी मर्यादेने फारसे बिघडत नाही. त्यांनी मराठवाडा-विदर्भातल्या सोयाबीन उत्पादकाकडे बघावे. भारताने पाम तेलावर ३०० टक्क्यांपर्यंत शुल्क लावायची मोकळीक ठेवली, पण सोयाबीन तेलावर मर्यादा ४५ टक्क्यांची. जगात तेल स्वस्त होऊन लातूर-वाशीमच्या बाजार समित्यांत सोयाबीन हमीभावाखाली लोळू लागते, तेव्हा पामवर वाटेल तेवढे शुल्क वाढवता येते आणि सोयाबीन तेलावर ४५ च्या पुढे जाता येत नाही. आपले सरकार या मर्यादेपर्यंतही सहसा जात नाही, ग्राहकाच्या ओरडीला घाबरून उलट शुल्क कमी करते, ही तक्रार वेगळी आणि तीही रास्त आहे. पण संकटाच्या वर्षी किती हात-पाय हलवता येतील ते या आकड्यावर ठरते.

दुधाच्या भुकटीचे उदाहरण त्याहून बोलके आहे. जुन्या काळी आपण भुकटी, तांदूळ, मका यांच्यावर शून्य शुल्काचे वचन देऊन बसलो होतो. संख्यात्मक निर्बंध जाणार हे दिसू लागल्यावर धावपळ झाली आणि १९९९ च्या सुमारास भारताने ही वचने फेरवाटाघाटीने बदलून घेतली. भुकटीसाठी १० हजार टनांपर्यंत कमी शुल्क आणि त्यावर ६० टक्के, असे ठरले. बदल्यात दुसऱ्या वस्तूंवर सवलती द्याव्या लागल्या. अमेरिका आणि युरोपाने हे मान्य केले, कारण भारताच्या बाजारात त्यांना रस होता. नेपाळला किंवा टोंगाला उद्या आपले वचन बदलावेसे वाटले तर त्यांनी बदल्यात काय द्यायचे? जे द्यायचे ते दारातच देऊन झालेले असते.

त्यात गरीब देशाच्या तिजोरीचा प्रश्न आहे. आयकर भरणारे मूठभर, छोट्या व्यवहारांची नोंद नाही. अशा राज्याला कर वसूल करण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे सीमेवरचे नाके. नेपाळला भारताच्या सीमेवरच्या वीरगंजच्या नाक्यावर जो पैसा मिळतो त्यातून शाळा आणि रस्ते चालतात. श्रीमंत देशांनीही आपल्या गरिबीच्या काळात असेच केले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या केंद्र सरकारचा मुख्य महसूल आयातशुल्काचाच होता.

पण शुल्कापेक्षाही मला जास्त खटकतात त्या नियमांपलीकडच्या अटी. वनस्पतींच्या नव्या वाणांवर पैदासकारांचे हक्क सांभाळणारी यूपॉव्ह नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिच्या १९९१ च्या करारात शेतकऱ्याने संरक्षित वाणाचे बी राखणे, शेजाऱ्याला देणे, विकणे यांवर जाचक बंधने आहेत. व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदा करार यूपॉव्हचे सदस्यत्व मागत नाही. वाणांच्या संरक्षणाची स्वतःची परिणामकारक पद्धत तयार करा, एवढेच तो म्हणतो. भारताने ही मोकळीक वापरून २००१ मध्ये स्वतःचा कायदा केला. त्यात शेतकऱ्याला संरक्षित वाणाचेही बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचा हक्क आहे. अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली. असे काम ज्या देवाणघेवाणीवर चालते, तिला या देशाचा कायदा गुन्हा मानत नाही.

नेपाळच्या वाटाघाटीत मात्र यूपॉव्हचा आग्रह धरला गेला. काठमांडूतल्या स्वयंसेवी संस्था, शेतकरी गट आणि पत्रकार यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. बोलणी करणाऱ्या अधिकाऱ्यांना त्या आवाजाचा आधार मिळाला, आणि अंतिम करारात नेपाळने सामील होण्याची बांधिलकी घेतली नाही. कंबोडियाने ती घेतली. दोन्ही देश एकाच दिवशी, एकाच सभागृहात मंजूर झाले, दोघेही अल्पविकसित. फरक पडला तो एका देशात प्रश्न विचारणारे लोक जागे होते म्हणून. ज्या व्यवस्थेत शेतकऱ्याचा बियाण्यावरचा हक्क अशा योगायोगावर टिकतो, तिला नियमांवर चालणारी व्यवस्था म्हणायला मी कचरतो.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. कंबोडियाने हे सगळे का मान्य केले? कारण १ जानेवारी २००५ ला कापडाच्या जागतिक व्यापारातले कोटे संपणार होते, पण फक्त सदस्यांसाठी. बाहेर राहिलेला देश कोट्यात अडकला असता आणि नोम पेन्हच्या शिलाई कारखान्यांतली मागणी सदस्य शेजाऱ्यांकडे वळली असती. त्या कारखान्यांत खेड्यांतून आलेल्या लाखो मुली काम करत होत्या, त्यांच्या पगारावर गावाकडची घरे चालत होती. ती निर्यात टिकली आणि वाढली. व्हिएतनामने १९९५ मध्ये अर्ज केला, ११ जानेवारी २००७ ला तो सदस्य झाला, आणि आज तिथून निघणारे फोन, बूट, फर्निचर जगभर जाते. चीनने पंधरा वर्षे वाटाघाटी करून डिसेंबर २००१ मध्ये प्रवेश घेतला. त्यानंतर काय झाले ते सांगायला नको. या देशांतल्या सुधारकांचे म्हणणे असे की बाहेरच्या बांधिलकीमुळे घरातले हितसंबंध मोडता आले. कायदे छापील झाले, परवान्यांची मनमानी कमी झाली.

हे म्हणणे मराठी वाचकाला नवे नाही. १९९१ च्या अखेरीस गॅटचे महासंचालक आर्थर डंकेल यांचा नव्या व्यापार कराराचा मसुदा, म्हणजे डंकेल प्रस्ताव, आला तेव्हा देशभर मोर्चे निघाले. बंगळुरूत पुढच्या वर्षी कारगिल या अमेरिकन कंपनीच्या कार्यालयाची मोडतोड झाली. तेव्हा महाराष्ट्रात शरद जोशी मात्र ठामपणे प्रस्तावाच्या बाजूने उभे राहिले. भारताचा शेतकरी अनुदान खात नाही, त्याच्यावर उणे सबसिडी लादलेली आहे, म्हणजे सरकारच भाव पाडून त्याला लुटते. मग बाजार खुला झाला तर त्याचे काय बिघडणार, हा त्यांचा सवाल होता. कांद्यावर निर्यातबंदी आली की नाशिक जिल्ह्यात तो सवाल आजही तितकाच ताजा असतो. व्यापार हा गरिबाचा शत्रू आहे, असे मी म्हणत नाही. शिलाई यंत्रावर बसलेल्या कंबोडियन मुलीला विचारा, तीही म्हणणार नाही.

पण या युक्तिवादातून अटींचे समर्थन होत नाही. कंबोडियाला फायदा झाला तो कोटे सुटल्याचा, बियाण्यांवरच्या बांधिलकीचा नव्हे. व्हिएतनामकडे बंदरे होती, शिकलेला कामगार होता, आणि वाटाघाटीत टिकून राहायला पक्की सरकारी यंत्रणा होती. नेपाळने कंबोडियापेक्षा बऱ्या अटी मिळवल्या, पण त्याच्या तयार कपड्यांच्या अमेरिकेतल्या निर्यातीला कोटे संपल्यावर ओहोटी लागली, आणि पुढे अनेक वर्षे त्याची एकूण निर्यात आयातीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास राहिली. दरी भरून निघते ती आखातात, मलेशियात आणि आपल्याकडे राबणाऱ्या नेपाळी माणसांनी घरी पाठवलेल्या पैशातून. सदस्यत्व हे दार आहे, पण दारापर्यंत पोचायला रस्ता लागतो, आणि नेपाळचा रस्ता भारतातून जातो.

हा आपल्यासाठी अवघड विषय आहे, पण टाळता येणार नाही. मार्च १९८९ मध्ये भारत आणि नेपाळ यांच्यातले व्यापार आणि पारगमन (एकाच्या भूमीतून दुसऱ्याचा माल नेण्याचे) करार संपले, नवे झाले नाहीत, आणि भारताने दोन सोडून बाकीचे सीमानाके बंद केले. काठमांडूत रॉकेलसाठी रांगा लागल्या. त्याच वर्षी मे महिन्यात नेपाळने गॅटच्या सदस्यत्वासाठी अर्ज केला. याला मी योगायोग मानत नाही. गॅटच्या पाचव्या कलमात दुसऱ्या देशाच्या भूमीतून माल नेण्याचे स्वातंत्र्य आहे, आणि समुद्र नसलेल्या देशाला या करारातले सर्वांत मोलाचे कलम तेच. पण २०१५ च्या सप्टेंबरात नव्या राज्यघटनेच्या वादात सीमेवर पुन्हा ट्रक अडकले. भारताने नाकेबंदी केल्याचे नाकारले, नेपाळच्या सीमेलगतच्या सपाट तराई भागातल्या आंदोलनाकडे बोट दाखवले. कारण कोणतेही असो, भूकंपानंतरच्या त्या हिवाळ्यात गॅस आणि औषधांवाचून हाल झाले ते नेपाळी माणसांचे. अकरा वर्षे सदस्य असलेला नेपाळ संघटनेच्या तंटा निवारण यंत्रणेकडे गेला नाही. ज्याच्या बंदरातून आपले धान्य येते त्याच्याविरुद्ध खटला भरायला कागदावरचा हक्क पुरत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये तर त्या कागदाचीच किंमत किती, असा प्रश्न उभा राहिला. अमेरिकेने कंबोडियावर ४९ टक्के, लाओसवर ४८ टक्के, व्हिएतनामवर ४६ टक्के शुल्क जाहीर केले. पुढे बोलणी होऊन कंबोडियाचा आकडा १९ टक्क्यांवर आला, पण १९ टक्केसुद्धा ज्या वचनांच्या बदल्यात त्याने २००३ मध्ये आपले कायदे बदलले त्यांच्यात बसत नाही. भारतावरही त्या ऑगस्टमध्ये ५० टक्क्यांचा बोजा पडला. दाद मागायची तर संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंद पडलेले, कारण त्यावरच्या नेमणुका अमेरिका होऊ देत नाही. मग बाहेरच राहिलेले काय वाईट, असे म्हणणारे आता भेटतात. मला ते पटत नाही. बाकीचे देश आपापसांत अजून याच नियमांनी व्यापार करतात, आणि नियम नसलेल्या जगात सर्वांत आधी चिरडले जातात ते लहान देश. पण एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. जो देश स्वतः वचन पाळत नाही, त्याने दारात उभ्या असलेल्या गरिबाकडून त्याच्या ऐपतीबाहेरची वचने मागण्याचा नैतिक अधिकार गमावला आहे.

सुधारणेचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. डिसेंबर २००२ मध्ये संघटनेने ठराव केला की अल्पविकसित अर्जदारांकडून सवलती मागताना सदस्यांनी संयम पाळावा. कंबोडियाचा करार त्यानंतरचा आहे, यावरून संयम किती पाळला ते कळते. जुलै २०१२ मध्ये आकडे घातले गेले: शेतमालाची सरासरी मर्यादा ५० टक्के, औद्योगिक वस्तूंच्या बहुतांश नोंदींसाठी सरासरी ३५ टक्के. अफगाणिस्तानचा १३.५ टक्क्यांचा करार त्याही नंतरचा. आकडे छापलेले आहेत, पण ते मार्गदर्शक आहेत, बंधनकारक नाहीत. मागणाऱ्याला कोणी अडवत नाही आणि अडलेला नाही म्हणू शकत नाही.

इथे भारताला करण्यासारखे खूप आहे. आपण १९४८ पासून आत आहोत, शेती अनुदानांवर आणि अन्नसाठ्यांवर गरीब देशांच्या वतीने बोलतो असे सांगतो, आणि बऱ्याचदा बोलतोही. अल्पविकसित देशांना बहुतांश वस्तूंवर शुल्कमुक्त प्रवेश देणारी योजना २००८ मध्ये आणणारा भारत हा विकसनशील देशांतला पहिला. २०१४ पासून ती ९८ टक्क्यांहून जास्त वस्तूंना लागू आहे. पण नव्या सदस्यांच्या कार्यगटांत आपणही मागणाऱ्यांच्या बाजूलाच बसतो. चीनशी आपण बोलणी केली, २००० मध्ये करार केला, ते योग्यच होते. चीन चीन आहे. इथिओपिया किंवा भूतान चीन नाहीत.

वाणिज्य मंत्रालयाने लेखी जाहीर करावे की अल्पविकसित अर्जदाराकडून भारत कोणतीही द्विपक्षीय सवलत मागणार नाही, आणि संघटनेच्या करारांत नसलेली अट, मग ती यूपॉव्हची असो वा औषधांच्या पेटंटची, अशा देशावर घालण्याला कार्यगटात उघड विरोध करेल. सहमतीचा नियम दोन्ही बाजूंनी चालतो. दार अडवायला तो वापरता येतो, तसा अवाजवी अट अडवायलाही येतो. त्याच्याच जोडीला, त्याच पातळीच्या जुन्या सदस्याने जेवढे दिले त्याहून जास्त नव्याकडून मागू नये, असे बंधन बाराव्या कलमात घालण्याचा प्रस्ताव भारताने मांडावा. नेपाळच्या वेळी हे बंधन असते तर त्याच्यासाठी मोजमाप बांगलादेश ठरला असता. प्रस्ताव लगेच मंजूर होणार नाही. आजच्या वातावरणात तर नाहीच. तरी तो नोंदीवर आला की पुढच्या प्रत्येक अर्जदाराच्या हातात एक कागद राहील.

अर्जदार देशांनीही वाटाघाटी बंद दाराआड ठेवू नयेत. काठमांडूने शिकवले ते हेच. कोणत्या शुल्काचे, कोणत्या बियाण्याचे, कोणत्या औषधाचे वचन दिले जात आहे हे संसदेला आणि शेतकऱ्यांना सहीपूर्वी कळले, तर बोलणी करणाऱ्या अधिकाऱ्याला ‘माझे लोक हे मान्य करणार नाहीत’ असे म्हणता येते, आणि त्याच्याजवळ तेवढेच एक बळ असते.

आणि नेपाळच्या बाबतीत आपल्याला संघटनेच्या जिनिव्हातल्या मुख्यालयापर्यंत जायचीही गरज नाही. कोलकाता, हल्दिया आणि विशाखापट्टणमहून वीरगंजकडे जाणारा माल राजकीय नाराजीच्या काळातही थांबणार नाही, अशी हमी पारगमन करारात घालता येते. नोव्हेंबर २०२६ ही नेपाळने अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडण्याची ठरलेली तारीख. त्या यादीबरोबर मिळणाऱ्या व्यापारसवलती आणि बौद्धिक संपदेच्या नियमांतली सूट तो टप्प्याटप्प्याने गमावेल, आणि औषधांच्या पेटंटपासून बियाण्यांपर्यंतचे प्रश्न पुन्हा त्याच्या दारात येतील. आपला २००१ चा वाणांचा कायदा कसा लिहिला, पेटंट कायद्यात सक्तीच्या परवान्याची, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना उत्पादनाला परवानगी देण्याची, तरतूद कशी ठेवली, हे शेजाऱ्याला समजावून सांगायला दिल्लीतून काठमांडूला तज्ज्ञांचे एक पथक पाठवायचे, एवढे काम आहे. ते याच वर्षी व्हायला हवे.